ओकु-निक्कोचे तीन धबधबे: ऑक्टोबरातले दोन दिवस

टोकियोहून निक्को एका दिवसात होतं, असं जो तो सांगतो. देवळं पाहायची असतील तर होतंही. केगॉन, ऱ्यूझू आणि युदाकी या तीन धबधब्यांचे फोटो काढायचे असतील तर मात्र हा बेत सोडून द्या. ते ओकु-निक्कोत, म्हणजे गावाच्या वरच्या डोंगराळ भागात आहेत. असाकुसाहून तोबू रेल्वेच्या लिमिटेड एक्स्प्रेसने निक्कोपर्यंत जवळजवळ दोन तास, तिथून बसने चुझेंजी तळ्यापर्यंत आणखी पाऊण तास. ऑक्टोबराच्या मध्यात तिथे सूर्य पावणेसहाला उगवतो आणि पाचच्या सुमारास मावळतो. सकाळच्या गाडीने निघालेला माणूस पाण्यापाशी पोचतो तेव्हा झाडांतून ऊन उतरून फेसावर पांढरे डाग पडलेले असतात. म्हणून मुक्काम वरच करावा, चुझेंजी ओन्सेनला किंवा त्याच्याही पुढे युमोतो ओन्सेनला (ओन्सेन म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांचं ठिकाण). खोली महाग पडते, पण लेन्सवर खर्च करण्याआधी हा खर्च करा.

पानांचा रंग वरून खाली उतरतो. ऱ्यूझू धबधब्यापाशी तो सप्टेंबरअखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीला, केगॉनला ऑक्टोबरच्या मध्यापासून पुढे, आणि खालच्या निक्को गावात नोव्हेंबरात. सगळीकडे एकाच वेळी लाल पानं मिळत नाहीत. धबधब्यांसाठी ऑक्टोबरचा दुसरा आठवडा धरावा: ऱ्यूझूचा शेवट, केगॉनची सुरुवात. शनिवार-रविवार टाळा.

वर नेणारा घाट म्हणजे इरोहाझाका. जुन्या जपानी वर्णमालेतल्या ४८ अक्षरांवरून हे नाव आलं आहे. चढ-उतार मिळून वळणंही ४८, आणि प्रत्येक वळणावर एकेका अक्षराची पाटी. आपल्याकडे घाटाला बाराखडी लावल्यासारखंच. चढायचा रस्ता वेगळा, उतरायचा वेगळा, दोन्ही एकेरी. ही गोष्ट लक्षात ठेवायची, कारण आकेचिदाइरा हा थांबा फक्त चढत्या रस्त्यावर आहे. ‘उतरताना बघू’ म्हणालात तर राहिलंच. तिथून रोपवे तीन मिनिटांत वरच्या सज्जावर सोडतो. समोर नान्ताई डोंगर, वर तळं आणि तळ्यातून खाली कोसळणारा केगॉन, हे सगळं एकाच चौकटीत इथून येतं. ७०-२०० मिलिमीटरची लांब लेन्स लावा. दुपारी हवेत धूसरपणा असतो, तो पोलरायझर (चमक कापणारा, फिरवता येणारा फिल्टर) बराच कमी करतो.

केगॉनची उंची ९७ मीटर. वरचा सज्जा फुकट आहे. खालच्या सज्जावर जायला तिकीट काढून लिफ्टने कातळातून सुमारे १०० मीटर उतरावं लागतं. ऑक्टोबरात लिफ्ट सकाळी ८ ते संध्याकाळी ५ चालते. तिकिटाआधी फुकटच्या सज्जावरून एक नजर टाका. इथलं धुकं सह्याद्रीतल्या पावसाळी ढगांसारखंच, दहा मिनिटांत हटेल किंवा दिवसभर बसून राहील. वरून काही दिसत नसेल तर खालूनही फक्त आवाज ऐकू येतो.

खालच्या सज्जावर २४-७० पुरते. २४ वर कॅमेरा उभा धरला की कडा आणि डोह दोन्ही मावतात. मुख्य धारेच्या बाजूला लाव्हाच्या थरांमधून झिरपणाऱ्या बारीक धारा आहेत, त्यांच्यासाठी लांब लेन्स. बरेच जण मधली जाड धार टिपून परत जातात. खरी नक्षी त्या बारीक धारांत आहे. ढगाळ हवेत आयएसओ १००, एफ ११ आणि पोलरायझर लावून १/१२ सेकंदाच्या आसपास शटरचा वेग मिळतो. एवढ्या वेगात पाणी धड गोठत नाही, धड रेशमी होत नाही. त्यावर एनडी ८ (प्रकाश आठ पट कमी करणारा काळा फिल्टर) चढवला की तोच वेग पाऊण सेकंदाच्या जवळ जातो. मोठ्या धबधब्याला त्याहून जास्त वेळ देऊ नये. दोन-तीन सेकंदांत धारेतले पदर पुसले जातात आणि कड्यावर चुना फासल्यासारखं दिसतं. हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) उजव्या कडेला टेकू देऊ नका, एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉप कमीच ठेवा. कातळातली सावली रॉ फाइलमधून वर काढता येते, जळालेला फेस नाही.

स्वच्छ सकाळी ऊन पाठीशी असताना तुषारांत इंद्रधनुष्य उमटतं. इथे पोलरायझर दगा देतो. इंद्रधनुष्याचा प्रकाश स्वतःच ध्रुवित असतो, त्यामुळे फिल्टर एका कोनात फिरवला की ते चौकटीतून चक्क नाहीसं होतं. व्ह्यूफाइंडरमध्ये बघत हळूहळू फिरवा आणि ते सगळ्यात ठसठशीत दिसेल तिथे थांबा. दुपारी कड्यावर सावली आल्यावर धनुष्य नसतं, पण लांब एक्स्पोजरला तीच वेळ बरी. पहिल्या दिवशी दुपारी आकेचिदाइरा करून केगॉनला यावं. सकाळचं ऊन हवं असेल तर परतीच्या, म्हणजे तिसऱ्या दिवशी लिफ्ट उघडताच पुन्हा जावं.

दुसऱ्या दिवशीची पहाट ऱ्यूझूची. एवढ्या पहाटे बस नसते आणि चुझेंजी ओन्सेनच्या स्थानकापासून अंतर चार-पाच किलोमीटर. आदल्या संध्याकाळी हॉटेलात टॅक्सी सांगून ठेवा. ऱ्यूझू म्हणजे ड्रॅगनचं डोकं. नान्ताईच्या लाव्हावरून साधारण २१० मीटर घसरत आलेली नदी शेवटी एका मोठ्या कातळाने दुभंगते आणि दोन धारा होऊन डोहात पडते. चहाच्या दुकानामागे छोटा सज्जा आहे. सगळे तिथूनच फोटो काढतात, आणि जागा खरंच तीच आहे.

इथे एनडी काढून ठेवा. झाडांच्या सावलीत आयएसओ १००, एफ ११ आणि पोलरायझर एवढ्यानेच अर्धा ते पाऊण सेकंद मिळतो. पोलरायझरचं मुख्य काम वेग कमी करणं नाहीच. ओल्या पानांवर आकाशाची पांढरट चमक असते, ती गेली की खालचा लाल-केशरी रंग वर येतो. ओला कातळही काळाभोर होतो. फिल्टर असा फिरवा की पानांची चमक जाईल, पण डोहातलं झाडांचं प्रतिबिंब थोडं राहील. पूर्ण फिरवलात तर डोह मेलेला दिसतो.

बाहेर वारा नसला तरी पडत्या पाण्याने हवा ढकलली जाते आणि जवळची फांदी सतत हलते. पाऊण सेकंदात तिची पानं लाल धूर होतात. ट्रायपॉड न हलवता लगेच दुसरा फोटो घ्या: आयएसओ १६००, एफ ५.६, वेग १/१०० च्या आसपास. नंतर संगणकावर दोन्ही फोटो एकावर एक ठेवून, मास्क लावून पाणी पहिल्या फोटोतलं आणि पानं दुसऱ्यातली घ्या. फोकस मॅन्युअल ठेवा, नाहीतर दोन फोटो जुळत नाहीत. दुसरी अडचण पायाखालची. सज्जावर कोणी चाललं की फळ्या हलतात आणि फोटो दुहेरी येतो. ट्रायपॉडचा मधला खांब वर काढू नका, दोन सेकंदांचा टायमर लावा आणि लोक स्थिर उभे असतानाच शटर दाबा. गर्दी वाढली की ट्रायपॉड आवरा. कोणी हटकेपर्यंत थांबू नये. आयफोन असेल तर लाइव्ह फोटो काढून त्यावर ‘लाँग एक्स्पोजर’ लावा. फोन कठड्याला टेकवला की जमतं.

तिथून बसने तिसरा धबधबा, युदाकी. युनोको तळ्याचं पाणी ७० मीटर उंचीच्या उतारावरून पसरत खाली येतं आणि सज्जा थेट पायथ्याशी आहे, त्यामुळे तुषार लेन्सवर येतातच. लेन्स खाली वळवून ठेवा, चौकट ठरवून घ्या, पुसा आणि लगेच दोन-तीन फोटो काढा. एकच फडकं दहा मिनिटांत चिंब होतं, चार न्या. हॉटेलातली प्लॅस्टिकची शॉवर कॅप कॅमेऱ्यावर नेमकी बसते. एफ १६ वर लेन्सवरचा प्रत्येक थेंब ठळक दिसतो, म्हणून एफ ८ च्या पुढे जाऊ नका.

युदाकीपासून सेन्जोगाहारा पाणथळीतून परत ऱ्यूझूपर्यंत पायवाट आहे, अडीच-तीन तासांची आणि बहुतेक उताराची. लाकडी पदपथ अरुंद आहे, ट्रायपॉड उघडला की वाट अडते. त्याचा पाय दलदलीत तर अजिबात टेकवू नका. हे रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय करारानुसार जपलेली पाणथळ आहे. हरणं अडवायला लावलेली फाटकं मागे बंद करा. अस्वलांचा वावर असतो, पिशवीला घंटी बांधा. ड्रोन घरीच ठेवा: १०० ग्रॅमपासून पुढच्या प्रत्येक ड्रोनला जपानात नोंदणी लागते आणि इथे राष्ट्रीय उद्यानाचे नियम वेगळे.

पहाटे पारा शून्याच्या आसपास जातो. जादा बॅटरी आतल्या खिशात ठेवा. जपानात वीज १०० व्होल्टची आणि सॉकेट दोन चपट्या पिनांचं, आपली गोल पिन बसत नाही. शाकाहारी असाल तर खाणं निक्को स्टेशनलाच घेऊन ठेवा. वर सुपात आणि रश्शात माशाचा अर्क असतोच. उमेबोशी (खारवलेलं आंबट फळ) घातलेली ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, सोपी पडते.

थंडीतून खोलीत आल्यावर कॅमेऱ्याची पिशवी तासभर उघडू नका, काचेवर आणि सेन्सरवर दव धरतं. कार्ड हवं असेल तर ते बाहेर असतानाच काढून घ्या. युमोतोचं पाणी गंधकाचं आहे, त्यामुळे चांदीची अंगठी आंघोळीआधी काढून ठेवा, नाहीतर काळी पडते.

परतीला रंगाच्या दिवसांत घाटात गाड्या तासन् तास तुंबतात. दुपारी दोननंतरची बस धरून संध्याकाळच्या आरक्षित गाडीवर भरवसा ठेवू नका. सकाळी केगॉन आटोपून अकराच्या आत उतरायला लागावं.