रोजनिशी: जुनं हार्वेस्टर बघताना

सोमवार

हरभरा निघाला, गहू निघाला. विकत घेण्यासाठी जुनं हार्वेस्टर बघायला वर्षातला हाच काळ चांगला. हंगाम नुकता संपलेला असतो. शेवटच्या पिकाचे दाणे मशीनच्या पोटात तसेच पडलेले असतात, नाहीतर साफ केलेले असतात, आणि त्यावरून मालकाचा हात कळतो. मशीन किती तास चाललं यापेक्षा हंगाम उठल्यावर ते कसं ठेवलं, याला जास्त किंमत द्यावी. तासांचा मीटर बंद असू शकतो, बदललेलाही असू शकतो. दाणे वर टाकीत नेणाऱ्या एलिव्हेटरच्या तळाशी कुजलेलं सोयाबीन मात्र खोटं बोलत नाही.

हार्वेस्टर म्हटलं की सोलापुरात आधी उसाचंच डोळ्यापुढे येतं. कारखान्यांचा जिल्हा आहे. इथे विषय धान्याच्या मशीनचा आहे, आणि त्यात पहिली अडचण ज्वारीची. मालदांडीचं ताट पुरुषभर उंच, आणि तिचा कडबा म्हणजे जनावरांची वर्षाची बेगमी. मशीनमधून गेलेल्या ताटाचा चोथा होतो, पेंढी बांधता येत नाही. दावणीला जनावरं असतील तर ज्वारीचे एकर हिशेबात धरूच नयेत. तूर तोडून मळणीयंत्रावर घालणंच बरं. मक्याला वेगळा हेडर, म्हणजे पुढचा कापणीचा भाग, लागतो. राहतं सोयाबीन, हरभरा आणि गहू. या तीन पिकांचे एकर मोजूनच पुढे जावं.

१४ फुटी कटर बार (पीक कापणारी पात्यांची पट्टी) ताशी ३ किलोमीटरने चालला तर कागदावर तासाला ३ एकरांच्या वर काम होतं. वळणं, धान्याची टाकी रिकामी करणं, मध्येच चोंदणं हे धरलं की हातात २ एकर पडतात. घरचं सोयाबीन १२ एकर आणि हरभरा १० एकर असेल तर वर्षाचं काम ११ तासांचं. समजा, मशीन ६ लाखांना बसलं आणि व्याज, घसारा, विमा, दुरुस्ती मिळून वर्षाला १,०५,००० रुपये गेले. भाड्याचा दर एकरी २,००० आणि डिझेल-मजुरी ६०० धरली तर एकरी १,४०० वाचतात. म्हणजे ७५ एकर झाले तरच बरोबरी. हे आकडे उदाहरणाचे आहेत, आपल्या गावचा दर घालून मांडणी करावी. एकट्या घराचं गणित बसत नाही. भावकीतली चार-पाच घरं एकत्र आली तर बसतं.

तरीही छोट्या शेतकऱ्याने घ्यावं ते वेळेसाठी. सोयाबीन वाळलेलं असतं, परतीचा पाऊस डोक्यावर असतो, आणि भाड्याचं मशीन आधी मोठ्या पट्ट्याकडे जातं. दोन एकरांचा तुकडा आठ दिवस मागे पडला की शेंगा रानातच तडकतात. त्या आठ दिवसांची किंमत वरच्या हिशेबात कुठेच धरलेली नाही.

मशीन बघायला जाण्याआधी टेप घेऊन आपली पाणंद मोजावी. हेडर काढून मागे ट्रॉलीवर ओढला तरी मशीनचं अंग नऊ-दहा फूट असतं. ओढ्याचा उतार, बांधावरची बाभळ, शेतावरून लोंबणाऱ्या तारा, सगळं बघून ठेवावं. तारेखाली नुसता टाकीचा काठच नव्हे, रिकामी करायची नळी आडवी फिरतानाही किती वर जाते ते मोजावं. वाट अरुंद आणि तुकडे लहान असतील तर १४ फुटीचा मोह सोडावा आणि क्लास कंपनीच्या क्रॉप टायगरसारखं सुमारे सात फुटी, रणगाड्यासारख्या ट्रॅकवर चालणारं मशीन शोधावं. काळ्या रानात वाफसा पुरता आलेला नसताना चाकं रुततात आणि चाकोऱ्या पाडतात, त्या पुढच्या पेरणीला भोवतात. ट्रॅकचा भार पसरतो. पण रबरी ट्रॅक झिजलेला निघाला तर तोच खर्च जड जातो. म्हणून त्याच्या कडा आणि आतली तार उघडी पडली आहे का, ते आधी बघावं.

मंगळवार

बंद मशीन बघायचा दिवस. मालकाला आधीच सांगून ठेवावं की इंजिन चालू करून ठेवू नका. गरम इंजिन लगेच सुरू होतं आणि खरं दुखणं झाकलं जातं.

ताज्या रंगावर विश्वास ठेवू नये. ग्रीसच्या निप्पलवर, हायड्रॉलिकच्या रबरी नळ्यांवर, पट्ट्यांच्या कडांवर रंगाचे शिंतोडे असतील तर मशीन विकण्यासाठी रंगवलं आहे. जुनाच फिका रंग, पण प्रत्येक निप्पलभोवती ग्रीसचं कडं, हे लक्षण चांगलं. शेडमध्ये राहिलेल्या मशीनच्या टायरांना बारीक उन्हाच्या भेगा नसतात. हंगामानंतर पट्टे सैल केले होते का, हेही विचारावं. ताणून ठेवलेला पट्टा एका जागी वाकून बसतो, चालू केला की फटफट वाजतो.

सगळ्यांत जास्त वेळ मळणी करणाऱ्या ड्रमजवळ काढावा. वरचं झाकण काढून ड्रमच्या बारांवरच्या तिरप्या दातांवरून बोट फिरवावं. कड बोटाला लागली पाहिजे. गुळगुळीत लागली तर बार संपले. एकच नवा बार दिसला तर सावध व्हावं. बार समोरासमोरच्या जोडीनेच बदलायचे असतात, नाहीतर ड्रमचा तोल जातो आणि सगळं मशीन थरथरतं, मग बेअरिंगं जातात. शेजारच्या दोन बारांचे तिरपे दात एकमेकांच्या उलट दिशेला हवेत. एकाच दिशेचे बसवले तर पीक एका बाजूला ढकललं जातं आणि त्या बाजूची ड्रमखालची जाळी लवकर झिजते. भाताच्या पेंढ्यात वाळूसारखी सिलिका असते, त्यामुळे भातात राबलेल्या मशीनचे बार आणि जाळी गहू-सोयाबीनच्या मशीनपेक्षा लवकर जातात. म्हणून हे मशीन कोणत्या पिकात फिरत होतं, हा प्रश्न किती तास चाललं याच्या आधी विचारावा.

जाळीच्या आडव्या पट्ट्यांच्या कडाही तशाच तपासाव्यात. ड्रम आणि जाळीतलं अंतर डावीकडे, उजवीकडे, पुढे, मागे असं चार ठिकाणी मोजावं. डाव्या-उजव्यात फरक असेल आणि बोल्ट फिरवून तो निघत नसेल तर जाळी वाकलेली आहे. मुरमाड रानातून दगड आत गेल्याची ती खूण. पीक आत ओढणाऱ्या साखळीच्या वाकड्या पट्ट्याही तेच सांगतात.

कटर बारच्या एका टोकाला गुडघ्यावर बसून एक डोळा मिटावा आणि दुसऱ्या टोकापर्यंत नजर न्यावी. पाती ज्यांतून सरकतात ती सगळी लोखंडी बोटं एका ओळीत दिसली पाहिजेत. पातं ३ इंची, म्हणजे १४ फुटांत सुमारे ५६ पाती. पुली हाताने फिरवून पातं एका टोकाला नेलं की त्याचा मध्य बोटाच्या मध्यावर यायला हवा. तो हुकत असेल तर मशीन कापत नाही, ओढतं. आणि ओढलेल्या सोयाबीनच्या शेंगा तिथेच फुटतात.

एलिव्हेटरची खालची झडप उघडावी. तिथला पत्रा अंगठ्याने दाबून बघावा. दाणे तसेच राहिले की ते ओल धरतात, पत्रा कुजतो, आणि पुढच्या हंगामात तिथून धान्य गळतं. ऑगरच्या (दाणे ढकलणाऱ्या मळसूत्राच्या) नळीच्या खालच्या अंगाला बारीक हातोडीने ठोकावं. पातळ झालेला पत्रा वेगळा वाजतो. स्प्रॉकेटचे दात आकड्यासारखे वाकलेले असतील तर नुसती साखळी बदलून भागत नाही. वॉकर म्हणजे काड हलवत मागे नेणारा भाग. वॉकरच्या बऱ्याच मशीनना लाकडी बेअरिंगं असतात. वॉकर हाताने वर-खाली हलवून किती खेळतो ते बघावं. लाकूड स्वस्त आहे, पण ते वेळेवर बदललं नाही तर खालचा दांडा झिजतो. शेवटी पुढच्या आक्सलची बैठक आणि मागच्या आक्सलचा खुंटा, इथल्या वेल्डिंगवर टॉर्च मारावा.

बुधवार

आता चालू करून. थंड इंजिन सुरू झाल्यावर थोडा धूर चालेल. गरम झाल्यावरही निळा धूर राहिला तर ऑइल जळतंय. ऑइल भरायचं झाकण काढून तिथे वाफेचा जोर किती आहे ते बघावं. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग असेल तर पुढे बोलूच नये.

मग सगळं जोडून, पूर्ण रेसवर अर्धा तास रिकामं चालवावं. त्यानंतर बंद करून, चावी खिशात घालून, एकेका बेअरिंगच्या घरावर हात ठेवावा. हात पाच सेकंद टिकत नसेल तर ते बेअरिंग जायच्या बेतात आहे. अशी दोन-चार निघाली तर घाबरू नये. बेअरिंगवर नंबर असतो, सोलापूर शहरात मिळतात. ड्रमचे बार, जाळी, वॉकरचे भाग मात्र बहुधा पंजाबहून मागवावे लागतात, कारण बहुतेक मशीन तिकडच्याच नाभा-भादसों भागातली. भावात घासाघीस करायची ती याच भागांवर.

रानात एखादा उभा तुकडा मिळाला तर फारच उत्तम. नवीन माणूस एक चूक हमखास करतो: मशीन हळू न्यायचं म्हणून रेस कमी करतो. रेस कमी झाली की ड्रम, पंखा, चाळणी, वॉकर सगळेच मंदावतात आणि दाणे गुळीबरोबर (भुशाबरोबर) मागे जातात. रेस पूर्णच ठेवायची. चाल कमी करायची ती गिअरने आणि व्हेरिएटरने (चाल कमी-जास्त करणाऱ्या पट्टा-पुलीने), ड्रमचा वेग बदलायचा तो पुलीने.

साधारण ६०० मिलिमीटर व्यासाच्या ड्रमला सोयाबीन आणि हरभऱ्यात मिनिटाला ४०० ते ४५० फेरे पुरतात. गव्हाला ८५०-९०० लागतात. म्हणजे वेग निम्म्यावर आणायची सोय या मशीनला आहे का, हे विचारलंच पाहिजे. फक्त गहू-भाताच्या पुल्या असलेलं मशीन सोयाबीनची डाळ करून टाकीत भरेल. टाकीतले १०० दाणे हातात घेऊन फुटलेले मोजावेत. वेग कमी करूनही दाणे फुटत असतील तर परतीचा एलिव्हेटर बघावा. चाळणी फार बंद असली की निघालेला दाणाही पुन्हा ड्रममध्ये जातो आणि दुसऱ्या फेरीत फुटतो. सोयाबीनचा ओलावा १३-१४ टक्के असताना हे काम गोड होतं. फार वाळलेलं पीक सकाळच्या गारव्यात घ्यावं.

मशीन पुढे गेल्यावर मागे एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकोन आखून, गुळी बाजूला सारून दाणे मोजावेत. चौकोनात सोयाबीनचे ४० दाणे सापडले तर एकरी सुमारे २० किलो रानात राहिलं. तेच मोजमाप न कापलेल्या पिकातही घ्यावं. आधीच गळलेल्या दाण्यांचा दोष मशीनवर टाकू नये.

हरभऱ्याचे खालचे घाटे सुटतात, ही तक्रार पुष्कळदा मशीनची नसून वाणाची असते. फुले विक्रमसारखा उंच वाढणारा वाण यंत्राने काढायला सोपा जातो. बुटका वाण असेल तर बार जमिनीला टेकवावा लागतो, आणि मग माती-खडे आत.

गुरुवार

कागद. चेसिस आणि इंजिनचा नंबर कागदावर पेन्सिल घासून उतरवून घ्यावा आणि आरसीशी ताडून बघावा. बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं ना-हरकत, मशीन परराज्यातलं असेल तर तिथल्या आरटीओच्या ना-हरकतीचा फॉर्म २८, नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. पूर्ण पैसे त्यानंतरच. अनुदानावर घेतलेलं मशीन असेल तर विक्रीवरची मुदतीची अट संपली आहे का, ते लेखी बघावं.

मशीन घरी आलं की पहिल्याच दिवशी इंजिन ऑइल आणि सगळे फिल्टर बदलावेत, आधीच्या मालकाने कालच बदलले म्हणाला तरी. मग वही घेऊन प्रत्येक पट्ट्याचा आणि बेअरिंगचा नंबर जागेसकट लिहून काढावा. ऐन ऑक्टोबरात संध्याकाळी पट्टा तुटला की त्या वहीने दुकान बंद होण्याआधी गाठता येतं. सायलेन्सरजवळचं भुसकट काढून टाकावं, आग तिथूनच लागते. बॅटरीची तार सोडावी, टाकी आणि एलिव्हेटरच्या झडपा उघड्या ठेवाव्यात म्हणजे उंदराला आडोसा मिळत नाही. आणि शेडमध्ये लावताना कटर बार फळ्यांवर टेकवावा, हायड्रॉलिकवर लटकत ठेवू नये.