टीएल-डब्ल्यूआर८४१एन मूळपदावर: बाकावरच्या तीन राउटरांची प्रगती

बाकावर सध्या टीपी-लिंकचे तीन टीएल-डब्ल्यूआर८४१एन आहेत, तिन्ही नवव्या आवृत्तीचे. क्यूसीए९५३३ चिप, ४ एमबी फ्लॅश (वीज गेली तरी टिकणारी साठवण), ३२ एमबी रॅम, ९ व्होल्ट ०.६ अँपिअरचा ॲडॉप्टर. ‘अ’वर कंपनीचेच फर्मवेअर, म्हणजे राउटर चालवणारे सॉफ्टवेअर, आहे, पण ॲडमिनचा पासवर्ड कुणालाच ठाऊक नाही. ‘ब’वर ओपनडब्ल्यूआरटी १८.०६ हे मुक्त पर्यायी फर्मवेअर आहे आणि वीज गेली की सेटिंग्जही जातात. ‘क’चे दिवे लागतात, पण पान उघडत नाही आणि पिंगही लागत नाही. तिघांसाठी सल्ला एकच मिळतो, ‘रिसेट मारून बघ’. त्याने बरा होणारा एकटा ‘अ’ आहे. का, ते फ्लॅशची मांडणी पाहिली की कळते.

फ्लॅशमध्ये काय कुठे आहे

४ एमबीमधले पहिले १२८ केबी बूटलोडरचे, म्हणजे वीज आल्यावर सर्वांत आधी चालणाऱ्या यू-बूट या प्रोग्रॅमचे. राउटरचा मॅक पत्ताही (जाळ्यातली हार्डवेअरची ओळख) याच भागात शेवटाकडे असतो. अगदी शेवटचे ६४ केबी एआरटीचे: त्यात त्या एकाच बोर्डाचे रेडिओ कॅलिब्रेशन असते आणि ते दुसऱ्या बोर्डाच्या कामाचे नसते. एआरटीच्या अगोदरचे ६४ केबी कंपनीच्या फर्मवेअरची कॉन्फिगरेशन. उरलेल्या मधल्या पट्ट्यात कर्नल (फर्मवेअरचा गाभा) आणि रूट फाइलसिस्टिम (त्याच्या बाकीच्या फाइली).

कंपनीच्या फर्मवेअरमधला फॅक्टरी रिसेट फक्त त्या ६४ केबी कॉन्फिगरेशनला हात लावतो. फर्मवेअर जुने असेल तर रिसेटनंतरही जुनेच राहते, बिघडले असेल तर बिघडलेलेच राहते. शिवाय रिसेटचे बटण थेट काहीच पुसत नाही. ते दाबले की चिपच्या एका पिनची पातळी बदलते आणि चालू असलेले सॉफ्टवेअर तो बदल वाचून पुसायचे काम करते. सॉफ्टवेअरच उभे राहत नसेल तर बटण कितीही वेळ दाबा, वाचणारे कुणी नाही. ‘क’ची अडचण नेमकी ही आहे.

३० सेकंद दाबा, दाबूनच वीज काढून ३० सेकंद, वीज देऊन आणखी ३० सेकंद, हा जुना तोडगा अजून सर्रास सुचवला जातो. तो डीडी-डब्ल्यूआरटी या दुसऱ्या पर्यायी फर्मवेअरच्या जुन्या काळातला आहे. अनेक राउटरांत वीज देताना बटण दाबलेले असले की बूटलोडर रिकव्हरीत शिरतो. मग रिसेट होतच नाही आणि राउटर मेला असे वाटते. या ८४१एनमध्येही तसेच होते. ‘अ’ आणि ‘ब’वर हा प्रयोग करू नये.

‘अ’: साधा रिसेट. काम पूर्ण.

रिसेटच्या आधी दोन गोष्टी टिपून ठेवायच्या. पहिली पीपीपीओईचे, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या लॉगिनचे, युजरनेम आणि पासवर्ड. केबलवाल्याने जोडणी देताना ते स्वतःच भरलेले असतात आणि घरात कुठे लिहिलेले नसतात. ‘अ’चा पासवर्डच माहीत नसल्याने पान उघडण्याचा प्रश्न नव्हता, पण ज्यांचे पान उघडते त्यांनी सिस्टिम टूल्समधून बॅकअप घ्यावा. कॉन्फिग.बिन नावाची फाइल मिळते. निरसॉफ्टचे राउटरपासव्ह्यू ही फाइल उघडून आतला पीपीपीओई पासवर्ड दाखवते. म्हणूनच ती फाइल मदत मागताना कुणाला जशीच्या तशी पाठवू नये.

दुसरी गोष्ट मॅक क्लोन. बरेच स्थानिक केबलवाले जोडणी एका मॅक पत्त्याला बांधतात. सुरुवातीला लॅपटॉपवर जोडणी चालू केलेली असेल तर नंतर राउटरमध्ये त्या लॅपटॉपचा पत्ता क्लोन केलेला असतो. रिसेटमध्ये क्लोन जातो, राउटर आपल्या मूळ पत्त्यावर येतो आणि पीपीपीओईचे सगळे अचूक भरूनही इंटरनेट येत नाही. लोक पासवर्ड पुन्हा पुन्हा टाइप करत बसतात. अशा वेळी एकतर जुना मॅक पुन्हा क्लोन करायचा, नाहीतर केबलवाल्याला फोन करून ‘मॅक रिलीज करा’ म्हणायचे. राउटरचा वॅन (बाहेरच्या इंटरनेटच्या बाजूचा) मॅक लेबलवरच्यापेक्षा बहुधा एकने पुढे असतो, तेव्हा फोनवर लेबल वाचून दाखवण्यापेक्षा स्टेटस पानावरचा वॅन मॅक सांगावा.

आता प्रत्यक्ष कृती. वॅनची वायर काढा, वीज चालू राहू द्या. राउटर पूर्ण बूट होईपर्यंत थांबा. मागचे डब्ल्यूपीएस/रिसेट बटण सलग १० सेकंद दाबा. हे एकच बटण दोन कामांचे आहे: पटकन दाबून सोडले तर डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता वायफाय जोडण्याची सोय) सुरू होते आणि सेटिंग्ज जागच्या जागी राहतात. ‘रिसेट केला पण काही झाले नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असते. दिवे एकदम विझून पुन्हा पेटले की बटण सोडा आणि दोन मिनिटे वीज बंद करू नका, कारण त्याच वेळी कॉन्फिगरेशनचा भाग पुसून नव्याने लिहिला जात असतो.

पान १९२.१६८.०.१ वर उघडते, लॉगिन ॲडमिन-ॲडमिन. उघडत नसेल तर लॅपटॉपवर जुन्या जाळ्यातला पत्ता हातानेच टाकून ठेवलेला नाही ना, ते पाहा. तो काढून पत्ता आपोआप मिळण्यावर ठेवा. फोनवरून करत असाल तर मोबाइल डेटा बंद करा: वायफायला इंटरनेट नाही असे दिसले की फोन परस्पर डेटावर जातो आणि राउटरचे पान सापडत नाही.

वायफायचा पासवर्ड खालच्या लेबलवरचा ८ आकडी क्रमांक. तोच डब्ल्यूपीएसचा पिनही असतो, म्हणून तो एक दिवसही ठेवू नये. ‘अ’वर केलेला क्रम असा: ॲडमिनचा पासवर्ड, डब्ल्यूपीएस बंद, डब्ल्यूपीए२-एईएस, चॅनेल १, ६, ११ पैकी जो रिकामा तो, रुंदी २० मेगाहर्ट्झ, वेळ जीएमटी अधिक ५:३०, आणि सगळ्यात शेवटी वॅनची वायर. वायर शेवटी, कारण ॲडमिन-ॲडमिनवरचा राउटर क्षणभरही बाहेर उघडा पडायला नको.

बटणच दोषी असेल तर

कोकणपट्टीत किंवा मुंबईच्या दमट हवेत भिंतीला टांगलेल्या राउटरचे बटण आतून गंजते. गंजाने ते कायम दाबल्यासारखे झाले तर राउटर पुन्हा पुन्हा रिसेट होतो, किंवा प्रत्येक वेळी रिकव्हरीत अडकतो. वीज काढून मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवा: न दाबता गप्प, दाबल्यावर आवाज. न दाबताच आवाज आला तर बटण काढून टाका. बटणाशिवाय राउटर व्यवस्थित चालतो, गरज पडलीच तर दोन पॅड चिमट्याने जोडता येतात.

ॲडॉप्टरही आधीच तपासून टाकावा. आतले कपॅसिटर थकले की बिनभाराचे ९ व्होल्ट बरोबर दिसतात, पण वायफाय चालू होताच व्होल्टेज कोसळते आणि राउटर रीबूट होत राहतो. बाहेरून ते बिघडलेल्या फर्मवेअरसारखेच दिसते. मोजमाप भाराखाली घ्या. मिनी-यूपीएसवर चालवत असाल तर त्याचे व्होल्ट राउटरच्या लेबलशी जुळतात का, तेही बघा. बाजारात १२ व्होल्टचेच जास्त मिळतात.

‘ब’: सेटिंग्ज टिकत नाहीत. अर्धे काम झाले.

ओपनडब्ल्यूआरटीमध्ये रिसेटची गोष्ट निराळी. मूळ फाइलसिस्टिम स्क्वॉशएफएस, फक्त वाचायची. आपण केलेले बदल तिच्यावरच्या ओव्हरले थरात, जेएफएफएस२ मध्ये लिहिले जातात. रिसेट म्हणजे हा वरचा थर काढून टाकणे. फर्स्टबूट कमांड देऊन रीबूट केले की झाले. चालू राउटरवर बटण ५ सेकंदांपेक्षा जास्त दाबले तरी हेच होते.

लॉगिनच होत नसेल तर फेलसेफ, म्हणजे आपले बदल बाजूला ठेवून राउटर सुरू करण्याची सोय. लॅपटॉपला १९२.१६८.१.२ पत्ता हाताने द्या, कारण फेलसेफमध्ये पत्ता आपोआप देणारे डीएचसीपी नसते. वीज द्या, दिवा लुकलुकायला लागताच बटण दाबा, लुकलुक जोरात झाली की आत शिरलात. मग एसएसएचने (जाळ्यातून कमांड देण्याच्या सुरक्षित जोडणीने) १९२.१६८.१.१ वर रूट म्हणून, पासवर्डविना. आत माउंट_रूट, मग फर्स्टबूट, मग रीबूट.

इथे दोन ठेचा हमखास लागतात. राउटरची एसएसएच की बदललेली असल्याने लॅपटॉप जोडणी नाकारतो. नोन_होस्ट्स फाइलमधली त्या पत्त्याची जुनी ओळ काढावी लागते. आणि ओपनएसएसएच ८.८ पासून जुन्या एसएसएच-आरएसए सह्या मुळातच बंद आहेत, तर १८.०६ मधला ड्रॉपबेअर हा एसएसएच सर्व्हर तेवढ्याच देतो. तेव्हा होस्ट की अल्गोरिदमच्या पर्यायात एसएसएच-आरएसए अधिक चिन्हासह जोडून द्यावे लागते. हा संदेश पाहून राउटर गेला असे समजणारे पुष्कळ आहेत.

‘ब’वर फर्स्टबूट करून काही फरक पडला नाही, आणि पडणारही नव्हता. माउंटच्या यादीत ओव्हरले टीएमपीएफएसवर दिसतो, म्हणजे सेटिंग्ज रॅममध्ये. कर्नलच्या संदेशांत ‘टू फ्यू इरेज ब्लॉक्स’ आहे. जेएफएफएस२ ला किमान ५ इरेज ब्लॉक (फ्लॅशचे एका वेळी पुसले जाणारे तुकडे) लागतात आणि पॅकेजे ठासून भरलेल्या या इमेजने ४ एमबीत तेवढीही जागा ठेवलेली नाही. त्यामुळे प्रत्येक रीबूट हाच रिसेट. उपाय इमेज लहान करण्याचा: इमेज बिल्डरमध्ये आयपीव्ही६ ची पॅकेजे आणि लूसी (ब्राउझरमधले सेटिंग्जचे पान) वजा करून नवी इमेज बांधली आहे, पीपीपीओई ठेवले आहे. फ्लॅश मारणे बाकी. ओपनडब्ल्यूआरटी २१.०२ पासून किमान ८ एमबी फ्लॅश आणि ६४ एमबी रॅम मागते, म्हणून याच्यावर नवे काही चढवायचा हट्ट नाही. हा राउटर पुढे फक्त ॲक्सेस पॉइंट म्हणून चालवायचा. त्या वेळी लॅन पत्ता १९२.१६८.१.१ वरून हलवायला हवा, कारण फायबरची ओएनटी पेटीही बऱ्याचदा त्याच पत्त्यावर असते.

‘ब’ कुणाला द्यायचा झाला तर नुसत्या फर्स्टबूटवर विसंबू नये. जेएफएफएस२ नोंदी पुढे पुढे लिहीत जाते, जुन्या नोंदी जागा लागेपर्यंत फ्लॅशवर पडून राहू शकतात, आणि त्यात वायफाय आणि पीपीपीओईचे पासवर्ड असतात. एमटीडी कमांडने रूटएफएस_डेटा हा भागच इरेज करून रीबूट करणे बरे.

‘क’: टीएफटीपी रिकव्हरी. राउटर उठला.

‘क’वर ओपनडब्ल्यूआरटीमधून कंपनीचे फर्मवेअर परत चढवताना नावात ‘बूट’ असलेली फाइल तशीच लिहिली गेली होती. अशा फाइलमध्ये पुढे ५१२ बाइटचे हेडर आणि १२८ केबींचा बूटलोडर जास्तीचा असतो. कंपनीचे पान तो बरोबर हाताळते. पण ओपनडब्ल्यूआरटी ती फाइल फर्मवेअरच्या पट्ट्याच्या सुरुवातीलाच लिहिते, आणि कर्नलच्या जागी बूटलोडरची प्रत जाऊन बसते. खरा बूटलोडर मात्र शाबूत असतो आणि पुढचे सगळे त्याच्याच जोरावर होते.

फाइल कापायची. डीडी कमांडला ब्लॉक ५१२ बाइटचा आणि सुरुवातीचे २५७ ब्लॉक वगळ असे सांगायचे. म्हणजे १,३१,५८४ बाइट गळतात. ४०,६३,७४४ बाइटची फाइल ३९,३२,१६० वर आली तर कापणी बरोबर. आकडा जुळल्याशिवाय पुढे जायचे नाही. फाइलचे नाव लहान अक्षरांत डब्ल्यूआर८४१एनव्ही९, अंडरस्कोर, टीपी, अंडरस्कोर, रिकव्हरी, डॉट बिन.

लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.०.६६, मास्क २५५.२५५.२५५.०, वायफाय बंद. टीएफटीपी या साध्या पद्धतीने फाइल पुरवणारा टीएफटीपीडी६४ चालवून फोल्डर आणि नेटवर्क कार्ड निवडले. वायर लॅनच्या पोर्टात, निळ्या वॅनमध्ये नाही. बटण दाबून धरून वीज दिली. बूटलोडर १९२.१६८.०.८६ या पत्त्यावरून फाइल मागतो. मागणी खिडकीत दिसली की बटण सोडायचे. नावाबद्दल शंका असेल तर तिथेच मागितलेले नाव वाचून फाइलला तेच द्यावे.

मागणीच दिसली नाही तर कारणे बहुतेक दोनच. पहिले विंडोजचा फायरवॉल: यूडीपी ६९ अडवलेला असतो. दुसरे सहज लक्षात येत नाही. राउटर बूट होताना पोर्ट क्षणभर बंद होते आणि लॅपटॉपला लिंक परत उभी करायला काही सेकंद लागतात, तोवर बूटलोडर मागून मोकळा झालेला असतो. मध्ये एक साधा स्विच ठेवा. लॅपटॉपची लिंक स्विचशी कायम राहते आणि पहिलीच मागणी पकडली जाते. ‘क’ स्विच लावल्यावरच उठला.

फाइल गेल्यावर राउटर स्वतः फ्लॅश लिहून रीबूट होतो. तोवर हात लावू नये. पान उघडल्यावर लगेच एक साधा रिसेटही मारला, कारण ओपनडब्ल्यूआरटीचा पट्टा कंपनीच्या कॉन्फिगरेशनच्या ६४ केबींवरून जातो आणि तिथे तिचेच अवशेष उरलेले असतात.

पुढचे

‘ब’वर लहान इमेज चढवायची आहे. त्याआधी तिन्ही बोर्डांच्या एआरटी आणि यू-बूटच्या प्रती काढून ठेवायच्या. ‘ब’मधून त्या एसएसएचने निघतील, बाकी दोघांसाठी चिप थेट वाचणारा सीएच३४१ए प्रोग्रॅमर आणि ८ पायांची क्लिप. काळ्या बोर्डाच्या सीएच३४१एमध्ये डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात, आणि फ्लॅश चिप ३.३ व्होल्टची. त्या तारा ३.३ व्होल्टवर आणण्याचा बदल आधी करून, मीटरने तपासून, मगच क्लिप लावायची. प्रत्येक चिप दोनदा वाचून दोन्ही फाइलींचे चेकसम जुळले तरच ती प्रत खरी धरायची. फाइलच्या नावात मॅकचे शेवटचे चार आकडे घालणार आहोत, म्हणजे एकाचा एआरटी दुसऱ्यावर चढणार नाही.