जीप तलावात तरंगवली : माझा अनुभव

आमच्या घरी जुनी डिझेल जीप आहे, फोर-व्हील ड्राइव्ह. भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यात आमची धानाची शेती. रोवणीच्या दिवसांत पऱ्ह्यांच्या (धानाच्या रोपांच्या) पेंड्या, खताच्या बॅगा, माणसं, सगळं हिच्यातूनच बांधीच्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे शेताच्या बांधापर्यंत, जातं. चिखलाला ती घाबरत नाही. पण २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला पूर आला, तेव्हा ती घरापुढे उभीच राहिली आणि कामाला आले ते मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाचे डोंगे, म्हणजे लहान नावा. पाणी ओसरल्यावरही सखल भागात ते तुंबून राहिलं. त्याला प्रवाह नव्हता, पण जीप घालावी इतकं ते उथळही नव्हतं. अशा थांबलेल्या पाण्यातून पोतीभर तांदूळ किंवा एखादा आजारी माणूस पलीकडे नेता आला तर, हा विचार तेव्हा डोक्यात बसला.

वाहत्या पुरासाठी हा खटाटोप नाही, हे आधीच सांगतो. त्याचं कारण पुढे हिशेबात येईल.

सुरुवातीला वाटलं, बॉडीच पाणबंद करावी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने तेच केलं होतं. जीपलाच नावेचा सांगाडा चढवून फोर्ड जीपीए नावाची गाडी १९४२-४३ मध्ये बारा हजारांवर संख्येने बनवली. बेन कार्लिन नावाच्या ऑस्ट्रेलियन अभियंत्याने ती १९४६ मध्ये आपल्याकडे, बंगालमधल्या एका विमानतळावर पाहिली आणि पुढे १९५० ते १९५८ या काळात तशाच एका गाडीतून पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली, समुद्रावरून आणि जमिनीवरून. मला या माणसाबद्दल अपार आदर आहे. पण त्या गाडीचं दुखणंही तितकंच खरं आहे. ती जड होती आणि तिचा काठ पाण्याच्या जेमतेम वर राहायचा, त्यामुळे लाट आली की पाणी आत. आमच्या जीपला तर खाली दोन प्रोपेलर शाफ्ट (इंजिनाचा जोर चाकांकडे नेणारे फिरते दांडे), पेडलची भोकं, गिअर लिव्हरची भोकं. एवढं सगळं रबराने बंद करायचं आणि एक सील गेलं की सगळंच गेलं. शिवाय गाडीच्या मूळ रचनेत कायमचा बदल करायला मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आडवं येतं. म्हणून ठरवलं की जीपला एकही भोक पाडायचं नाही. तरंगण्याचं सामान वेगळं बनवायचं, काठावर जोडायचं, काठावर काढायचं.

मग वजन. धान विकायला जातो त्याच काट्यावर जीप नेली. पूर्ण जीप १२५० किलो. काटेवाल्याला विनंती करून आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घेतली, मग फक्त मागची. पुढे ६९० भरलं, मागे ५६०. सगळ्या कामात मला सर्वात जास्त उपयोगी पडलेले आकडे हेच. एकूण वजनावरून ड्रम किती ते कळतं. पण ड्रम कुठे बसवायचे ते कळतं पुढच्या-मागच्या वाटणीवरून. इंजीन पुढे असल्यामुळे जीपचा तोल पुढच्या अ‍ॅक्सलपासून साधारण एक मीटरवर आहे. दोन माणसं बसली की तो किंचित मागे सरकतो. तरंगणाऱ्या सामानाचा मध्य नेमका तिथेच यायला हवा. ड्रम नुसते बॉडीच्या मधोमध बांधले असते, तर नाक खाली करून जीप पंख्यापर्यंत बुडाली असती.

निळे प्लॅस्टिकचे २०० लिटरचे ड्रम आमच्याकडे घरोघरी असतात. एक लिटर पाणी बाजूला सारलं की एक किलो वजन उचललं जातं, म्हणजे पूर्ण बुडालेला ड्रम दोनशे किलो पेलतो. जीप १२५०, दोन माणसं १४०, लोखंडी सांगाडा १८०, ड्रमांचं स्वतःचं वजन १२०. बेरीज १६९०. बारा ड्रम म्हणजे २४००. सातशे किलो हाताशी राहतात. टायरमधल्या हवेमुळे जी थोडी मदत होते ती मी धरलीच नाही. असल्या कामात आपल्या बाजूचं काहीही हिशेबाबाहेर ठेवावं, या मताचा मी आहे.

सांगाडा माझ्या चुलतभावाने वेल्ड केला. चेसिसखालून दोन आडवी चॅनल, यू-बोल्टने आवळलेली. त्यांच्या दोन्ही टोकांना उभे-आडवे चौकोनी पाइप आणि त्यात ड्रम आडवे, प्रत्येक बाजूला दोन रांगा, रांगेत तीन. रांगा एकावर एक न ठेवता शेजारी-शेजारी ठेवल्या. त्यामुळे रुंदी पावणेचार मीटरच्या पुढे गेली. रस्त्यावर असं नेताच येत नाही. पण पाण्यावर हीच रुंदी जीव वाचवते. तरंगणारी वस्तू कलंडणार की सावरणार हे ती किती पसरट बसली आहे यावर ठरतं, आणि जीप मुळात उंच आणि अरुंद.

ड्रमांची बूचं हा सगळ्यात बारीक विषय. दुपारच्या उन्हात ड्रम तापतो, आतली हवा फुगते. तसाच बंद करून थंड पाण्यात घातला की हवा आकसते, ड्रमच्या पोटाला खळी पडते आणि बूच जरा सैल असेल तर पाणी आत ओढलं जातं. यावर उपाय म्हणून प्रत्येक बुचाला ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवला. सकाळी गारव्यात बूच आवळायचं आणि सायकलच्या पंपाने अगदी थोडी हवा भरायची. ड्रम टणक झाला की पुरे, जास्त भरली तर फुटेल. मग बुचाभोवती साबणाचं पाणी लावायचं. जिथे बुडबुडा धरतो तिथे गळती आहे. एका बुचाच्या आट्यांवर असा अगदी बारीक बुडबुडा धरायचा, मोहरीएवढा, आणि फुटून पुन्हा धरायचा. वायसर बदलल्यावरच थांबला.

आता पुढे सरकायचं कसं? भारतीय लष्कराचं बीएमपी-२ ‘सारथ’ हे पट्ट्यांवर चालणारं चिलखती वाहन, जे तेलंगणात मेदकला तयार होतं, ते पाण्यात आपले पट्टे फिरवूनच ताशी सातेक किलोमीटरने पोहतं. चाकांनीही तसं जमतं, पण एक अडचण येते. चाकाचा खालचा भाग पाणी मागे ढकलतो आणि वरचा भाग पुढे. चाक जवळजवळ पूर्ण बुडालेलं असेल तर दोन्ही एकमेकांना मारतात. म्हणून दोन गोष्टी केल्या. चिखलणीच्या ट्रॅक्टरला लावतात त्या मोडक्या केजव्हीलचा अँगल कापून मागच्या चाकांना बाहेरून जोडायची कडी बनवली, तिला पाती लावली. आणि चाकाच्या वरच्या अर्ध्या भागावर पत्र्याचं झाकण ठेवलं, म्हणजे वरचं पाणी झाकणातच घुटमळतं, पुढे फेकलं जात नाही. झाकणाशिवाय जीप जागच्या जागी पाणी घुसळते. झाकण लावलं की निघते, माणूस चालतो त्याहून हळू, पण निघते. वळायला मात्र मागे बसलेल्याच्या हातात बांबू लागतो.

इंजिनाचं थोडक्यात सांगतो. डिझेलला स्पार्क लागत नाही, हवा लागते. एअर फिल्टरची नळी छतापर्यंत वर नेली, सायलेन्सरची नळीही वर. सिलिंडरमध्ये पाणी गेलं की ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजीन तिथेच संपतं. पंख्याची पाती काढून ठेवली, बेल्ट मात्र ठेवला, कारण वॉटरपंप त्याच बेल्टवर चालतो. दोन्ही डिफरेन्शियल (अ‍ॅक्सलच्या मधली गिअरची पेटी) आणि गिअरबॉक्सचे ब्रीदर, म्हणजे हवा आत-बाहेर जायची भोकं, पातळ नळीने बॉनेटपर्यंत वर घेतले. चालून आलेला डिफरेन्शियल गरम असतो. तो पाण्यात शिरला की ब्रीदरमधून पाणी पितो आणि आतलं तेल ताकासारखं पांढरं होतं.

चाचणीसाठी गावचा मामा (माजी मालगुजारी) तलाव निवडला. पाणी थांबलेलं, पाळ भक्कम, एका बाजूला मुरमाचा उतार. तलावात मच्छीमार संस्थेचं बीज सोडलेलं असतं. त्यांची परवानगी घेतली, ग्रामपंचायतीला सांगितलं, आणि जीपचा खालचा भाग धुऊन ग्रीस-ऑइल पुसून काढलं. डिझेलचा तवंग पाण्यावर आला तर आपली हौस दुसऱ्याच्या पोटावर येते.

धान घरात आल्यावर, दिवाळीनंतरची मंडई (गावची जत्रा) आटोपल्यावर उतरलो. अंगात लाइफ जॅकेट, जीपच्या मागे दोर, दोराचं दुसरं टोक काठावरच्या ट्रॅक्टरला. दारं नाहीत, सीटबेल्ट लावायचा नाही. संस्थेचे एक म्हातारे ढिवर काका डोंगा घेऊन जवळ थांबले. मी उतरायची जागा पावलांनी चाचपत होतो, तर ते म्हणाले, “उतरायची जागा काय पाहता जी, निंगायची पाहा. पलीकडं गाळ हाये.”

त्यांचं म्हणणं शब्दशः खरं ठरलं. आत जाणं फार सहज झालं. पाणी गुडघ्याच्या वर आलं आणि स्टिअरिंग अचानक हलकं झालं. चाकाखाली जमीन होती, पण जमिनीवर वजन नव्हतं. मग मागचा भाग अलगद उचलला गेला आणि जीप सपाट तरंगली. ड्रम हिशेबाप्रमाणे दोनतृतीयांशाच्या आसपास बुडालेले. भाऊ एका बाजूच्या पाइपवर जाऊन उभा राहिला, जीप थोडी कलली आणि थांबली. त्या क्षणी मला जो आनंद झाला तो सांगता येणार नाही.

मी आधी वाहत्या पाण्याबद्दल म्हणालो ते इथे अंगाला कळलं. गाडीचा तळ चार-पाच चौरस मीटर धरा. पाणी तळाला लागल्यानंतर दर दहा सेंटीमीटरला चार-पाचशे किलो वजन पाणीच उचलून धरतं. बंद काचांच्या कारला ड्रम बांधावे लागत नाहीत, ती स्वतःच ड्रम आहे. रपट्यावर, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलावर, फूट-दीड फूट पाणी दिसतं, माणूस म्हणतो निघून जाऊ, आणि मधोमध चाकांची पकड सुटते. बाजूने प्रवाह असला की पुढे काही हातात राहत नाही. आमची जीप थांबलेल्या पाण्यात, दोर बांधलेली होती, तरी पकड सुटल्याचा तो क्षण पोटात गोळा आणणारा होता. माझ्या ओळखीच्या प्रत्येक गाडीवाल्याला मी हा हिशेब सांगतो.

निघणं अवघड ते असं. पुढची चाकं काठाला टेकतात तेव्हा मागची अजून तरंगत असतात. टेकलेल्या चाकांवरही पूर्ण वजन नसतं, कारण ड्रम अर्धं उचलून धरतात. खाली गाळ असेल तर ती नुसती फिरतात आणि स्वतःचा खड्डा खणतात. आम्ही काकांच्या सांगण्यावरून गाळाचा काठ सोडला, वळून मुरमाच्या उताराला आलो. पाण्यात असतानाच फोर-व्हील आणि लो गिअर टाकून ठेवला, क्लच न दाबता, अ‍ॅक्सिलरेटर स्थिर धरून चढलो. जीप पाण्यातून वर आली तशी तिचं वजन परत चाकांवर बसत गेलेलं जाणवत होतं.

वर आल्यावरचं काम टाळू नये. ड्रम ब्रेकमध्ये पाणी असतं. पेडल हलकं दाबून धरत थोडं अंतर चालवलं की ते सुकतात, तोवर ब्रेक लागत नाहीत असंच समजायचं. डिफरेन्शियलचा खालचा नट जरासा सैल करून तेलाचा रंग पाहायचा. पाणी तेलाच्या खाली बसतं, त्यामुळे शिरलं असेल तर आधी तेच येतं. आमचं तेल स्वच्छ निघालं. पुढच्या चाकांच्या बेअरिंगमध्ये नवीन ग्रीस भरलं, स्टार्टर उघडून सुकवला.

सध्या सांगाडा जोडायला चार माणसं आणि अर्धी सकाळ लागते. गरजेच्या वेळी एवढी सवड मिळणार नाही. म्हणून भाऊ आता यू-बोल्टच्या जागी खिट्टीचे क्लॅम्प बनवतोय, आणि एखादा ड्रम फुटलाच तर तो पाण्याने भरू नये म्हणून पुढच्या कोपऱ्यातल्या ड्रमांत थर्माकोल भरायचं आम्ही ठरवलंय.