बोर्डावर ९१.९ टक्के, डिस्पॅचला जॉब कमी

शॉपमधल्या बोर्डावर एका सीएनसी लेथचा ओईई (उपलब्धता, वेग म्हणजे परफॉर्मन्स आणि क्वालिटी या तीन टक्क्यांचा गुणाकार; मशीनचा किती वेळ खरोखर कामी आला ते सांगणारा आकडा) ९१.९ टक्के लिहिलेला आणि त्याच मशीनवर बनणारे जॉब, म्हणजे सुटे भाग, डिस्पॅचला कमी पडतात म्हणून ओव्हरटाइम लावलेला. म्हणून स्टॉपवॉच आणि कोरा कागद घेऊन मशीनसमोर जाऊन उभा राहिलो.

आधी ओईईची रोजची शीट पाहिली. शिफ्ट ४८० मिनिटांची, त्यातून चहा-जेवणाची ५० मिनिटं वजा. इथवर ठीक. पण सेटिंगची, म्हणजे पुढच्या कामासाठी मशीन जुळवण्याची, ४० मिनिटंही 'प्लॅन्ड' म्हणून वजा केलेली. उरली ३९०, त्यात ब्रेकडाउन १५. म्हणजे मशीन चाललं ३७५ मिनिटं. जॉब ५२०, रिजेक्शन ८, सायकल टाइम, म्हणजे एका जॉबला लागणारा आदर्श वेळ, ४२ सेकंद. गुणाकार बरोबर होता. खोट होती ती त्यात घातलेल्या आकड्यांत.

दरवाजा बंद झाल्यापासून पुढच्या जॉबला बंद होईपर्यंत, लोडिंग-अनलोडिंग धरून, सलग वीस सायकली मोजल्या. वारंवार आलेला सर्वांत कमी वेळ निघाला ३३ सेकंद. मग ४२ आले कुठून? जुन्या उत्पादनाची सरासरी काढून! सरासरीत अडथळे आधीच मुरलेले असतात. तीच आदर्श धरली की वेगातला तोटा कागदावर येतच नाही.

तोटा डोळ्यांसमोरच होता. चिप, म्हणजे कापलेल्या धातूची कातळी, तुटत नव्हती, लांब दोरीसारखी निघून जॉब धरणाऱ्या चकला गुंडाळायची. ऑपरेटर मशीन थांबवायचा, दरवाजा उघडायचा, आकडीने चिप ओढून काढायचा. दर वेळी साधारण ४५ सेकंद, तासात बारा वेळा. शिवाय बोअर, म्हणजे जॉबमधलं भोक, तपासायचा एअर गेज (हवेच्या दाबावर माप घेणारं साधन) दोन मशीनमध्ये एकच, त्याच्या वाटेत तासाला पाचेक मिनिटं. यातलं काहीच शीटवर नव्हतं, कारण पाच मिनिटांखालचा थांबा लिहायचा नाही असा रिवाज. "एवढ्या-एवढ्याला कोण लिहीत बसणार, साहेब?" हे ऑपरेटरचं म्हणणं रास्तच होतं. शीटवर त्यासाठी रकानाच नव्हता.

क्वालिटीतही गोम होती. २४ जॉब रिवर्क (पुन्हा दुरुस्त) होऊन 'ओके'त मोजलेले. ओईईत पहिल्या फटक्यात बरोबर आलेला जॉबच चांगला.

नव्याने मांडलं: उपलब्धता ३७५ भागिले ४३०, म्हणजे ८७.२ टक्के. परफॉर्मन्स ५२० गुणिले ३३ सेकंद, म्हणजे २८६ मिनिटं, भागिले ३७५: ७६.३. क्वालिटी ४८८ भागिले ५२०: ९३.८. गुणाकार ६२.४ टक्के.

सेटिंगवरून प्रॉडक्शनवाल्यांनी बराच वाद घातला. पण ओईई ही मोजणी मांडणाऱ्या जपानच्या सेइची नाकाजिमांच्या सहा मोठ्या तोट्यांत सेटिंग आणि ॲडजस्टमेंट स्पष्टपणे येतं. ते वजा केलं तर सेटिंगचा वेळ कमी करायला कुणी हातच लावणार नाही.

चिपचं मूळ फीडमध्ये, म्हणजे जॉबच्या एका फेऱ्यात टूल किती मिलिमीटर सरकतं त्यात, होतं. फिनिशिंग कटला फीड ०.१२, तो इन्सर्टच्या (टूलच्या कापणाऱ्या तुकड्याच्या) चिपब्रेकरला, म्हणजे चिप वळवून तोडणाऱ्या खाचेला, लागणाऱ्या फीडच्या पट्ट्याखाली जात होता. चिप पातळ राहते आणि वळून तुटत नाही. फीड ०.१८ केला. नोज रेडियस (इन्सर्टच्या टोकाची गोलाई) ०.८ मिलिमीटर, त्यामुळे हिशोबाने आरए, म्हणजे पृष्ठभागाचा खडबडीतपणा, १.३ मायक्रॉनच्या आसपास, ड्रॉइंगवर मुभा ३.२ची. चिप तुटायला लागली आणि सायकल ३१ सेकंदांवर आली. शीटवरही त्याच वेळी ३३ खोडून ३१ लिहायला लावले. त्यामुळे टक्का जॉबच्या संख्येइतका चढला नाही, यावर थोडी कुरकुर झाली. छोट्या थांब्यांसाठी आता मशीनवर दोनच रकाने आहेत, चिप आणि गेज. थांबलं की एक रेघ ओढायची. चिपच्या रकान्यात रेघा तुरळक आहेत. गेजचा रकाना दुसरा गेज येईपर्यंत भरतच राहणार.