अंजीर, वर्ष चौथं: आधी खणायचं, मग खत

अकरा अंजिरं! काल संध्याकाळी मोजली, आज सकाळी परत मोजली. सात नव्या फुटीवर आणि चार छाटणी न केलेल्या जुन्या फांद्यांवर. मागची नोंद वाचलेल्यांना आठवत असेल, हे झाड दिवाळीनंतर काढून कुणाला तरी देऊन टाकायचं मी ठरवलं होतं.

बाकीच्यांचं थोडक्यात सांगते. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या आठव्या अध्यायातल्या सात पिकांपैकी गहू आणि सातू सोडून उरलेली पाच माझ्या गच्चीवर आहेत. डाळिंबाला तीन फळं धरली आहेत. द्राक्षवेल मांडवावर पोचली. खजूर अजून रोपच आहे. जैतुनाकडे, म्हणजे ऑलिव्हकडे, नंतर येते.

अंजिराचं दुखणं एकच होतं, पानं भरपूर आणि फळ शून्य. पुना जातीचं गुटी कलम (झाडावरच्या फांदीलाच मुळं फोडून केलेलं रोप), दोनशे लिटरचा निळा ड्रम, पंजाएवढी काळपट हिरवी पानं. एका पावसाळ्यात फांदी तीन-तीन फूट जायची. मी दर महिन्याला कोंबडीखत आणि रोज पाणी घालत होते. लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येशूने सांगितलेल्या दाखल्यातला माळी सतत मनात असायचा. मालक तीन वर्षं फळ शोधत येतो, मग झाड तोडून टाक म्हणतो, आणि माळी आणखी एक वर्ष मागून घेतो. मी त्या माळ्यासारखंच करते आहे, असं मला वाटत होतं.

ऑक्टोबरात तो उतारा चर्चच्या उपासनेत वाचला गेला आणि मी जागच्या जागी थबकले. माळी दोन कामं सांगतो. आधी तो झाडाभोवती खणणार आहे आणि मग खत घालणार आहे. मूळ ग्रीकमध्येही क्रम हाच आहे. मी तीन वर्षं फक्त दुसरं काम करत होते. ड्रममध्ये खणायचं तरी काय, म्हणून पहिलं सोडूनच दिलं होतं.

पाणी तोडलं, पानं गळू दिली. तीन आठवड्यांच्या ताणानंतर भावाच्या मदतीने ड्रम आडवा केला. आत माती जवळजवळ उरलीच नव्हती. मुळांनी आतून ड्रमचा आकार घेतला होता आणि कडेला दोन बोटं जाडीची चटई झाली होती. अगदी मध्यभागी ज्या पिशवीत झाड विकत मिळालं तिचं प्लास्टिक तसंच होतं! नर्सरीने सांगितलं होतं, ‘पिशवी कुजते, तशीच लावा.’ ती कुजत नाही. कुणीही काहीही सांगो, पिशवी कापून काढा. करवतीने बाहेरची तिसरा हिस्सा मुळं काढली, नवी माती, मुरलेलं शेणखत आणि निंबोळी पेंड भरली. कोकोपीट या वेळी घातलं नाही. अंजिराला ते फार काळ ओलं राहतं असं माझं मत झालं आहे. कोंबडीखत कायमचं बंद.

पुरंदरकडे अंजिराचे दोन बहार धरतात, पावसाळी खट्टा आणि उन्हाळी मीठा. मला मीठा हवा होता म्हणून छाटणी केली, पण दोन फांद्या मुद्दाम तशाच ठेवल्या. कारण मार्कच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय. येशू बेथानीहून निघतो, भूक लागलेली असते, लांबून पानांनी भरलेलं अंजिराचं झाड दिसतं, जवळ गेल्यावर पानांशिवाय काही मिळत नाही. अंजिरांचा हंगाम नव्हता, असं मार्क स्वतःच लिहितो. मग येशू त्या झाडाला शाप का देतो? हा प्रश्न मला लहानपणापासून बोचतो.

अंजीर दोनदा फळतं. पहिली फळं गेल्या वर्षीच्या जुन्या काडीवर येतात, मुख्य पीक नव्या फुटीवर. यरुशलेमच्या बाजूला मुख्य पीक ऑगस्ट-सप्टेंबरचं, पण वल्हांडण या यहुदी सणाच्या सुमारास, मार्च-एप्रिलात, कोवळ्या पानांबरोबर जुन्या काडीवर हिरव्या गोळ्या दिसू लागतात. इब्री भाषेत त्यांना ‘पग’ म्हणतात. बायबलमधल्या गीतरत्नाच्या दुसऱ्या अध्यायात त्याच आहेत, आणि त्याच वाटेवरच्या बेथफगे गावाच्या नावाचा अर्थही कच्च्या अंजिरांचं घर असाच लावतात. म्हणजे पान आलं की गोळीही असायला हवी. पान असून गोळी नाही, तर त्या झाडाचा पहिला बहार गेलाच. मीखा संदेष्टा त्याच्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात पहिल्या अंजिरासाठी आसुसतो आणि त्याला काही मिळत नाही, तीच ही भूक. मार्कने ही गोष्ट दोन तुकड्यांत मांडली आहे आणि मधोमध येशू यरुशलेमच्या मंदिरातून व्यापाऱ्यांना हाकलतो तो प्रसंग ठेवला आहे. झाड हे त्या मंदिराचंच प्रतीक आहे, हे त्यातून कळतं.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी देवळातून आल्यावर गच्चीवर गेले तर जुन्या फांदीवर, पानाच्या जुन्या वणाशेजारी, मटारएवढी हिरवी गोळी. पुण्याचा आणि यरुशलेमचा हंगाम एक नाही, यावरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. तरी मी तिथे बराच वेळ बसून राहिले.

आता जैतून. पाच फूट झालाय, फूल नाही, आणि येणारही नाही. त्याला फुलायला थंडी लागते, तेवढी इथे पडत नाही. ‘दोन वर्षांत फळ’ सांगून विकणाऱ्यावर माझा राग आहे. दुसऱ्या जातीचं रोप आणायचं ठरवलं होतं, पण हे लिहिता लिहिता बेत बदलला. जलप्रलयानंतर नोहाच्या कबुतराने जैतुनाचं पानच आणलं होतं. माझा जैतूनही पानासाठी राहील.

त्या पैशांची आणि वेळेची गरज उंबराला आहे. आपल्या मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, येशूला पाहायला जक्कय नावाचा ठेंगणा जकातदार उंबरावर चढतो. तिकडचं झाड आपल्या उंबराचं सख्खं भावंड. आमोस संदेष्टा त्याच फळांची निगा राखायचा, आणि ती फळं लवकर पिकावीत म्हणून त्यांना चिरा देण्याची रीत फार जुनी. आमच्या कुंपणाला उंबर आहे, खालची फांदी हाताला येते. येत्या आठवड्यात दहा हिरव्या फळांना चीर देईन, शेजारच्या दहांना दोरा बांधून तशीच ठेवेन. आपलं उंबर चिरेला तसंच वागतं का, कुणी करून पाहिलं असेल तर जरूर कळवा.

सगळ्यात मोठ्या अंजिराला जुन्या मलमलीची पिशवी बांधली आहे, बुलबुलांची जोडी कठड्यावर येऊन बसते. फळाच्या टोकाचा डोळा (बारीक छिद्र) गुलाबी झाला की त्यावर जैतुनाच्या तेलाचा एक थेंब ठेवणार, त्याने फळ लवकर पिकतं. आज सकाळी डोळा अजून हिरवाच होता.