लेम उल्यमचं इंद्रवज्र मिळालं. ढगमाथ्याचं कोडं मात्र अर्धंच सुटलं

मंडळी, मिळालं. इंद्रवज्र, म्हणजे धुक्यावर आपल्याच सावलीभोवती उमटणारं रंगीत कडं. पूर्ण, बंद वर्तुळ. बाहेरच्या कडेला लाल, आत हिरवट-निळं, त्याच्याही बाहेर दुसरं फिकट कडं, आणि मधोमध माझ्याच डोक्याची सावली. ठिकाण स्कॉटलंडमधल्या लेम उल्यम डोंगराची ईशान्येकडची सोंड, उंची साधारण ८०० मीटर, ऑक्टोबरचा तिसरा शनिवार, संध्याकाळचे पावणेपाच. फोटो चांगले आलेत, त्याबद्दल खाली लिहिते. पण आधी ढगमाथ्याचं, म्हणजे धुक्याच्या वरच्या पृष्ठभागाचं, बोलायला हवं, कारण गेल्या हिवाळ्यापासूनच्या सगळ्या नोंदींत तेच एक रडगाणं आहे.

इंद्रवज्राला काय लागतं ते आपल्या सगळ्यांना पाठ आहे: पाठीमागे खाली झुकलेला सूर्य, समोर खाली धुकं, आणि आपण धुक्याच्या वर. पहिली अट इथे, स्कॉटलंडच्या लोखाबर भागात, फुकट मिळते. ५७ अक्षांशाला सूर्य तिरपा चढतो, तिरपाच उतरतो. डिसेंबरात भर दुपारीसुद्धा जेमतेम १० अंशांवर असतो. अडतं ते तिसऱ्या अटीपाशी. ढगमाथा आज ५०० मीटरवर आहे की ११०० वर, हे खाली फोर्ट विल्यममध्ये माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून कसं कळणार? वर चढावं तर शिखरसुद्धा दुधात बुडालेलं, नाहीतर दरी धुऊन स्वच्छ. लोखाबरात राहूनही ही हुलकावणी चुकत नाही.

हवामानाच्या अंदाजांपैकी माझा विश्वास एमडब्ल्यूआयएसवर (माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिस). डोंगरात जाणाऱ्यांसाठीच लिहिलेला आहे, मन्रो (म्हणजे ३००० फुटांवरचे स्कॉटिश डोंगर) ढगमुक्त असण्याची शक्यता टक्क्यांत देतात आणि भाषा सरळ असते. पण ती शक्यता ८० टक्के आली की मी आनंदून जाणं सोडलंय. शिखर मोकळं असेल एवढंच त्यातून कळतं. खाली धुकं भरलंय की नाही, याचा त्यात पत्ता नसतो. रंगीबेरंगी नकाशांच्या ॲपवरूनही दरीतल्या धुक्याचा माथा मला नेमका कळत नाही. त्यातल्या एकाची वर्षाची वर्गणी मी बंद केली आहे.

त्यापेक्षा दोन तापमानं बघा. टलॉख ब्रिजचं हवामान केंद्र दरीत, अडीचशे मीटरच्या आत. ओनाख मोर डोंगरावरचं केंद्र ११३० मीटरवर. एरवी वरचं तापमान खालच्यापेक्षा पाच-सहा अंशांनी कमी असायला हवं. दोन्ही सारखी झाली, किंवा वरचं चक्क जास्त निघालं, की समजायचं थंड हवा दरीत कोंडली आहे आणि वर उबदार हवेचं झाकण बसलंय. वारा पडलेला, रात्र निरभ्र, स्कॉटलंडवर जास्त दाबाचा पट्टा: सॅक भरायला घ्या. ही युक्ती माझी नाही, इथलीच जुनी आहे. बेन नेव्हिसच्या माथ्यावर १८८३ ते १९०४ वेधशाळा होती, दर तासाला नोंद व्हायची, आणि १८९० पासून खाली फोर्ट विल्यममध्येही जोडीला दुसरी वेधशाळा होती. वर-खाली एकाच वेळी काय चाललंय ते ताडून बघणं हाच त्यांचा उद्योग.

झाकण आहे एवढं त्यातून कळतं. ते किती उंचीवर आहे, हा प्रश्न उरतोच. त्याचं अर्धं उत्तर मला रेल्वेनं दिलं.

फोर्ट विल्यमहून निघालेली गाडी समुद्रसपाटीवरून स्पीन ब्रिज, रॉयब्रिज, टलॉख करत लॉख ट्रेग तळ्याच्या कडेकडेनं चढत कोरावरला पोचते. कोरावर ४०८ मीटरवर, मुख्य मार्गांवरचं ब्रिटनमधलं सर्वात उंच स्टेशन. म्हणजे गाडी ही ढगात उभी केलेली शिडीच झाली. गाडी लॉख ट्रेगच्या वर चढता चढता धुक्यातून बाहेर पडली, तर ढगमाथा ४०० च्या खाली. त्या दिवशी लेम उल्यमवर काही होणार नाही, सरळ तळ्याकाठी फिरायला जा. कोरावरच्या फलाटावर उतरल्यावरही दहा पावलांपलीकडचं दिसत नसेल, पण वर बघितल्यावर पांढऱ्यात निळसर उजेड झिरपत असेल, तर मात्र चढायचं. त्या शनिवारी फलाटावर अगदी तस्संच होतं. मावसबहीण एडिनबराहून आली होती, तिला मी तिथंच म्हटलं, आज होणार.

लेम उल्यम ९०९ मीटर, म्हणजे मन्रोच्या ३००० फुटांना साडेपाच मीटर कमी. त्यामुळे यादीवर खुणा करणारी सगळी मंडळी लॉख ऑसियन तळ्यापलीकडच्या बेन ना लॅप या मन्रोला जातात आणि इकडे शुकशुकाट. मला हा डोंगर जास्त आवडतो. स्टेशनाच्या पश्चिमेला लगेच चढ सुरू होतो, वाट अशी नाहीच, ओलं पीट (दलदलीची काळी माती) आणि गवताचे झुपके. बुटांवरून गेटर (पोटरीपर्यंतचं आवरण) घालाच. धुक्यात होकायंत्र लावून सोंडेवर चढलो आणि ७२०-७३० च्या आसपास डोकं बाहेर आलं. रॅनॉख मूरचा माळ अख्खा बुडालेला, ग्लेन को बाजूचे माथे तेवढे वर.

आणि इथेच दुसरं एक कोडं आहे, दिशेचं, ते मात्र मला आता उलगडलंय. सकाळभर ढगांचा समुद्र असतो आग्नेयेला, रॅनॉखवर. सूर्यही आग्नेयेलाच. दिसायला स्वर्ग, पण इंद्रवज्र सूर्याच्या बरोब्बर समोर पडतं, आणि समोर म्हणजे वायव्येला त्या वेळी आपल्याच डोंगराचं अंग आडवं आलेलं असतं. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर हाच हिशेब उलटा. कडा पश्चिमेला तोंड करून असल्यामुळे तिथे सकाळचा सूर्य आपसूक पाठीशी येतो, पण १९ अक्षांशावर तो भराभर वर चढतो आणि खेळ आटोपतो. लेम उल्यमची कॉरी (डोंगराच्या कुशीतला वाटीसारखा खोलगट भाग) ईशान्येला उघडी आहे. म्हणजे इथे सूर्य नैर्ऋत्येला जाईपर्यंत थांबायला हवं. दिवसाच्या गाडीनं येऊन शिखराला हात लावून परतणाऱ्याला हे मिळणं कठीण, आणि मुक्कामाला आलेल्याला घाई नसते. आम्ही दुपारी बाराच्या सुमारास सोंडेवर बसलो ते बसलोच. थर्मासमधला चहा, धपाटे, लसणाची चटणी. खाली कॉरीत नर हरणांचं डुरकणं चाललेलं. ऑक्टोबर त्यांच्या माजाचा महिना. धुक्याखालून येणारा तो आवाज नेमका कुठून येतोय ते कळत नाही.

चारनंतर कॉरीतलं धुकं हळूहळू वर सरकायला लागलं. आधी दिसलं पांढरं धनुष्य, मोठं, जवळजवळ ४० अंश त्रिज्येचं, रंग नावालाच. ते दिसलं की नजर त्याच्या केंद्राकडे न्यायची. सूर्य तेव्हा १० अंशांवर होता, म्हणून केंद्र ईशान्येला, क्षितिजाच्या १० अंश खाली. शोधाशोध करायला लागत नाही, सावलीच बोट दाखवते. सोंडेच्या धारेची सावली धुक्यावर पडली होती, त्या धारेवर दोन माणसं, त्यांचे पाय लांबच लांब ताणलेले, आणि मग धुक्याचा एक दाट लोट आला आणि रंग पेटले.

बहीण ओरडली, "ताई, माझ्या डोक्याभोवती आहे! तुझ्या नाही!" मी म्हटलं, "अगं, माझ्याच भोवती आहे, तुझी सावली नुसती काळी दिसतेय." दोघीही खरं बोलत होतो. ज्याचं त्याला, ज्याच्या त्याच्या डोक्याभोवतीच दिसतं. वाचलेलं असतं, पण शेजारी उभ्या माणसाशी त्यावरून हुज्जत घालण्यातला आनंद वेगळाच. खांद्याला खांदा लावून उभ्या राहिलो तेव्हा तिची सावली माझ्या कड्याच्या आत आली, एवढाच काय तो समेट.

हात लांब करून मोजलं. पहिल्या लाल कड्याची त्रिज्या आडव्या दोन बोटांएवढी, म्हणजे तीन-साडेतीन अंश. थेंब जितके बारीक तितकं वर्तुळ मोठं, आणि थेंब एकसारख्या आकाराचे असले की कडी जास्त आणि रेखीव. धुक्याचा लोट बदलला की वर्तुळ किंचित फुगत होतं, आकसत होतं, हे डोळ्यांनी स्पष्ट दिसलं. हे मी पहिल्यांदाच पाहिलं आणि फोटोपेक्षा मला त्याचं जास्त अप्रूप आहे.

फोटोचं तंत्र थोडक्यात. ऑटोफोकस बंद. धुक्यात त्याला धरायला काही मिळत नाही, भिंग पुढे-मागे करत बसतं. मी आधीच लांबच्या एका माथ्यावर फोकस करून रिंगला चिकटपट्टी लावली होती. एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉप खाली, नाहीतर रंग धुऊन जातात. फोनवाल्यांनी लांबच्या धारेवर बोट दाबून फोकस लॉक करावा आणि उजेडाची पट्टी खाली ओढावी. पोलरायझर फिल्टर लावून बघितला. फिरवल्यावर कडी एका बाजूला उठतात, दुसऱ्या बाजूला मरतात. पूर्ण वर्तुळ हवं असेल तर काढून ठेवा.

उतरताना परत धुक्यात शिरावंच लागतं, तेही अंधार पडत असताना, म्हणून सोंड निवडताना परतीचा विचार आधी. ईशान्येच्या सोंडेचा फायदा असा की खाली रेल्वेचे रूळ आडवे आहेत, त्यांच्या पलीकडे चुकून जाता येत नाही. रूळ गाठले की डावी-उजवी ठरवून स्टेशन, आणि ओलांडायचे ते स्टेशनापाशीच. नकाशा ऑर्डनन्स सर्व्हेचा लँडरेंजर ४१ पुरतो. डोक्याचा टॉर्च प्रत्येकाकडे हवा.

ज्यांना हा शनिवार-रविवार असाच निवांत करायचाय त्यांच्यासाठी: कोरावरला सार्वजनिक रस्ता नाही, येणं-जाणं रेल्वेनंच. लंडनहून शुक्रवारी रात्री निघणारी स्लीपर शनिवारी सकाळी थेट इथे थांबते, त्यामुळे तिकडच्या मंडळींना गाडी-मोटार काहीच नको. मुक्काम लॉख ऑसियनच्या काठावरच्या होस्टेलात, स्टेशनापासून दीडेक किलोमीटर. जागा मोजक्या, आधी आरक्षण करा. हिवाळ्यात बंद असतं. दुकान नाही, सगळं फोर्ट विल्यमहून आणायचं. आम्ही तांदूळ, मेतकूट आणि तूप नेलं होतं. ऑक्टोबरात मिज (चावणाऱ्या बारीक माश्या) नसतात, हे एक कारण मला पुरेसं वाटतं. रविवारी डोंगर चढू नका. तळ्याला सावकाश फेरी मारा, दक्षिण काठानं जाऊन उत्तर काठानं या, दुपारच्या खाण्यासह सगळा दिवस त्यात जातो आणि जावाच.

इंद्रवज्राचं नाव काढलं की आपल्याकडे ते पाहिलेला ब्रिटिश अधिकारी कर्नल साईक्स आठवतो, त्याची दख्खनच्या हवामानावरची नोंद १८३५ साली रॉयल सोसायटीनं छापली. इथला आठवावा असा माणूस म्हणजे स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञ सी. टी. आर. विल्सन. सप्टेंबर १८९४ मध्ये तो बेन नेव्हिसच्या वेधशाळेत दोन आठवडे राहिला, ढगांवरची ही रंगीत कडी पाहिली आणि ती प्रयोगशाळेत करून बघायच्या नादात त्यातून पुढे क्लाउड चेंबर (सूक्ष्म कणांच्या वाटा दाखवणारं उपकरण) निघालं, १९२७ चं नोबेल त्यासाठीच. दोन आठवडे! एका धावत्या भेटीत त्याला हे दिसलं असतं का, शंका आहे.

पुढची योजना म्हणून मी वसंतात होस्टेल उघडलं की परत लेम उल्यम, पण पहाटे, शेजारच्या बेन अ व्ह्रीकच्या वायव्य कडेवरून, असं लिहिणार होते. पण वर डिसेंबरच्या सूर्याचं लिहिताना डोक्यात आलं की तोवर थांबायचं कशाला? डिसेंबरात दुपारी सूर्य दक्षिणेला १० अंशांवर, म्हणजे केंद्र उत्तरेला १० अंश खाली. मला हवी उत्तरेकडे दरी असलेली मधल्या उंचीची जागा. ती तर घराच्या मागेच आहे: मेलनटी, ७११ मीटर, बेन नेव्हिसच्या वाटेवरून डावीकडे वळलं की झालं. उत्तरेला खाली ग्रेट ग्लेनची दरी, जिथे थंडीत धुकं साचतं. दक्षिणेला मामोरचे डोंगर आहेत, पण त्यांची धार तिथून तीन-चार अंशांच्या वर जात नाही, सूर्य सुटतो. सकाळी बेन नेव्हिसची सावली असेल, म्हणून अकरा ते दोन. तेव्हा पहाटेचा बेत पुढे ढकलला, आधी मेलनटी.

कोकणकडावाल्यांना एक विनंती. पावसाळा सरता सरता जाल तेव्हा फोटोबरोबर बोटांचं मापही घ्या: हात पूर्ण ताणून, लाल कड्यापर्यंत किती बोटं. वेळ आणि धुक्याचं अंतर अंदाजे लिहा. सह्याद्रीचं पावसाळी धुकं आणि इथलं थंडीचं धुकं यांच्या थेंबांत फरक असेल तर तो या मापात उतरायलाच हवा. माझी मापं मी मेलनटीनंतर तक्त्यात टाकते.