तुम्ही विचारलंत म्हणून : ‘चेक’

शर्टावरचे चेक्स, बँकेतला चेक आणि तिकीट चेक करणं हा एकच शब्द की तीन वेगळे, असं बरेच जण विचारतात. शब्द एकच आहे. आणि तो मराठीतही आहे, दुसऱ्या वाटेने आलेला : शह.

मूळ फारसी ‘शाह’, म्हणजे राजा. बादशहातला तोच. संस्कृत ‘क्षत्र’ त्याच्याच गोतातलं. बुद्धिबळात राजावर हल्ला झाला की प्रतिस्पर्ध्याला ‘शाह!’ असं बजावायचं. फारसीतून तो पुकारा थेट मराठीत आला. तिकडे अरबांबरोबर खेळ युरोपात गेला, लॅटिनमध्ये शाहचा ‘स्काकुस’ झाला, जुन्या फ्रेंचमध्ये ‘एस्चेक’ आणि 1300च्या सुमारास इंग्रजीत ‘चेक’. त्याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनातून ‘चेस’ हे खेळाचं नाव निघालं.

शह बसला की बाकीचे बेत बाजूला ठेवून आधी राजाला सोडवावं लागतं. म्हणून चेक म्हणजे अचानक अडवणूक, मग आवर, लगाम. पडताळणीचा अर्थ, जो आज आपल्याला पहिला आठवतो, तो बराच नंतरचा, सतराव्या शतकातला.

चौकडीची गंमत निराळी. बुद्धिबळाच्या पटाला फ्रेंचमध्ये ‘एस्चेकियर’ म्हणत. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचे हिशोब साधारण 10 फूट लांब, 5 फूट रुंद मेजावर होत. मेजाला चार बोटं उंच कड असे, म्हणजे वरच्या सोंगट्या घरंगळत नसत. त्यावर रेघांचं काळं कापड. प्रत्येक रकान्याची किंमत ठरलेली : पेनी, शिलिंग, पौंड, वीस पौंड, शंभर, हजार. 12 पेनींचा शिलिंग आणि 20 शिलिंगांचा पौंड, त्यामुळे सोंगट्या सरकवून बेरीज करणं कागदापेक्षा सोपं जाई, आणि समोरच्या अंमलदाराला आपली बाकी डोळ्यांनी दिसे. हे मेज पटासारखं दिसे म्हणून त्या खात्याचंच नाव ‘एक्स्चेकर’ पडलं. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याच्या पदनामात ते अजून आहे. कापडावरचे चेक्सही या पटावरूनच आले.

बँकेचा चेक सुरुवातीला पैसे देण्याचा कागद नव्हताच. अठराव्या शतकाच्या आरंभी चेक म्हणजे स्थळप्रत, खोटेपणाला आळा घालणारा, पडताळून पाहायचा तुकडा. पुढे नाव मूळ कागदालाच चिकटलं. ब्रिटिश स्पेलिंगच्या शेवटी ‘क्यूयूई’ आलं ते एक्स्चेकरच्या प्रभावाने. अमेरिकेने जुनंच ठेवलं. चेक प्रजासत्ताकाचा मात्र या कुळाशी काही संबंध नाही. ते नाव तिथल्या लोकांचं आहे.

भाषांतरात चूक होते ती इथेच. चेक दिसला की हात आपोआप ‘तपासणी’ लिहितो. ‘चेक्स अँड बॅलन्सेस’चं ‘तपासणी आणि समतोल’ केलं की राज्यघटनेवरचा लेखही लेखापरीक्षणाचा वाटू लागतो; तिथे ‘नियंत्रण आणि संतुलन’ हवं. ‘अनचेक्ड पॉवर’ म्हणजे न तपासलेली सत्ता नव्हे, अनिर्बंध सत्ता. शत्रूला ‘इन चेक’ ठेवलं म्हणजे रोखून धरलं. आणि एका पक्षाने दुसऱ्याला चेक दिला असेल, तर मराठीत सरळ ‘शह दिला’ लिहावं. तो अनुवादही नाही, तोच शब्द आहे.